अब्बांचा अमेरिकन

अब्बा, मी तुमची मुलगी. मधली. चेहरा आठवत नसेल तर राहू द्या, जिवंत होतात तेव्हाही मला थोरलीच्या नावानेच हाक मारायचात. त्या अमेरिकनचा मात्र कुठला गुडघा गेला होता, ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतंत. मला लिहिता येत नाही, म्हणून सून लिहितेय. का येत नाही, ते आज ऐकाच.

तुम्ही सौदीत दम्मामकडे तेलाच्या कॅम्पात खानसामा. दोन-दोन वर्षांनी गावी यायचात ते साबणाच्या वड्या आणि तोंडी तो अमेरिकन घेऊन. पडवीत अख्खा मोहल्ला जमवून त्याची कथा लावायचात. दिवसभर गिरणीत राबायचा, संध्याकाळी फुटबॉल. पुढे खेळायचा, गोल मारणाऱ्यांत. देशाकडून एकच मॅच मिळाली, तीत गोल मारला आणि सोमवारी पुन्हा गिरणीत हजर. मग गुडघा गेला, खेळ संपला, आणि पोटासाठी तो तुमच्या कॅम्पात पाईप जोडायला आला. तरी दर शुक्रवारी वाळूत लंगडत खेळायचाच, आणि तुम्ही त्याला ऑम्लेट करून घालायचात.

मी आठ वर्षांची, चहा घेऊन दाराशी उभी आहे. शाळेचे मास्तर आलेत. म्हणतात, "पोर हुशार आहे, नाव घालू या." तुम्ही लुंगी खोचून, एक पाय हवेत धरून त्याचा गोल दाखवताय. "मास्तर, नंतर या! अजून दुसरा हाफ बाकी आहे." सगळे हसले. मास्तरही हसले, चहा पिऊन गेले. परत आले नाहीत, आणि तुम्ही बोलावलंही नाहीत. तुमचा दुसरा हाफ ऐकत मी कपबशा विसळल्या. तो राग अजून धरून आहे, आणि सोडायचा विचार नाही.

आता इथे जेद्दात माझी नात शाळेच्या फुटबॉल टीममध्ये खेळते. पुढेच. उद्या मॅच आहे. मुलगा कुरकुरतो, "अम्मी, पोरीला शोभतं का हे? नाना असते तर काय म्हणाले असते?" नात माझ्या गळ्यात पडून म्हणते, "दादी, बोलो ना पापा को!" मी त्याला म्हटलं, "तुझे नाना? ते म्हणाले असते, नंतर या. ती उद्या जाणार. खलास." तुम्हाला विचारत नाहीये अब्बा, कळवतेय.

एक मात्र तुमच्यापुरतं सांगते. तिला हे खूळ लावलं मीच. लहानपणी जेवायची नाही, तेव्हा घासागणिक तुमच्या अमेरिकनची गोष्ट सांगायचे. गिरणी, गोल, सोमवार, गुडघा. एक शब्द चुकत नाही माझा. सून म्हणते, सांगताना माझा पायसुद्धा हवेत जातो.

सूनबाई, हे पाठवायचं कुठे? ठेव माझ्या उशीखाली. उद्या अब्बांच्या बरसीची फातेहा आहे, त्यांच्या आवडीची सांदणं कर. नारळ शराफियाच्या बाजारातून ताजा मागव, डब्यातलं दूध चालणार नाही. घरात कुणाला एकही देऊ नकोस, त्यांच्या नावाने सगळी मैदानावर पोरींना पाठव. आणि बघ, दुसऱ्या हाफच्या आधी पोचली पाहिजेत.