तळ्याकाठचं धुणं

८ मे १९५३
खारेपाटातल्या बंधुभगिनींनो! चहूकडे खाडी, आणि प्यायला एकच तळं — तेही आटत आलेलं. पाणी द्या म्हणून आपण पेणच्या कचेरीत किती खेटे घातले! पाणी आलं नाही, पटकी मात्र आली.
— उद्याच्या भाषणाची सुरुवात अशीच.

९ मे
सभा जबरदस्त झाली! शेवटी गरजलो, "आजार जो लपवेल, तो गावाचा वैरी!" टाळ्या थांबेनात. घरी सरूचं आपलं, "दादा, माणसं घाबरली रे." माझी ही बहीण नेहमीच विरजण घालते.

१२ मे
एकाही घरात आजारी माणूस नाही. पटकीची लस टोचायला आलेले डॉक्टर खूश. मीही.

१३ मे
मिठागरातला शिवा गेला. आजारी होता हेच कुणाला ठाऊक नव्हतं!

१४ मे
उजाडायच्या आधी तळ्यावर गेलो. धोंडुबाई, शिवाची आई, पायरीवर बसून त्याची घाण झालेली गोधडी पिळत होती. पाणी पुन्हा तळ्यात!
"अगं, सगळं गाव हे पितं!"
तिनं मान वर केली नाही. "दिवसा कुठं धुवू? वैरी म्हनालास ना तू? पोर आजारी हाय सांगितलं असतं, तर दारात कोन उभं ऱ्हायलं असतं? आनि मी एकलीच नाय. तिकडं बघ."
पलीकडच्या काठावर आणखी दोघी. तोंडावर पदर.
पटकी पाण्यातून पसरते, हे मी घसा फोडून सांगितलं. आणि या बायांना अंधारात पाण्यावर मीच धाडलं.
गोधडी मागितली. देईना. हिसकावूनच घेतली, आमच्या परसात नेऊन उकळली. मग धोंडुबाई रडली.

१५ मे
सभा रद्द. दारोदार गेलो. हौसा उंबऱ्यात आडवी उभी, "आमच्यात सगळी बरी हायत" — आणि आत कुणीतरी ओकतंय! मोरू म्हणाला, "बस, पानी पी. भाषान तेवढं करू नको." पाणी उकळलेलं आहे का, हे विचारायचंही धाडस झालं नाही. तसंच प्यायलो.

१७ मे
पहाटेपासून मलाच जुलाब. पहिला विचार काय आला? — कुणाला कळता कामा नये! धोतराचा बोळा घेऊन मागच्या दारापर्यंत गेलोसुद्धा.
तिथूनच मागे फिरलो, सरूला ओरडून सांगितलं, "सरू, पुढचं दार उघड. अंगणात चूल पेटव, धोतर सगळ्यांदेखत उकळ, आणि गावाला हाक मार — दादाला पटकी झाली आहे!"