दुसऱ्यांदा विचार

टॅम्पिनीस, सिंगापूर
१२ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता बरे असतील. रोहन ठीक आहे. चैत्रालीचं प्लास्टर अजून तीन आठवडे राहील.

फोनवर मी तुला अर्धंच सांगितलं.

ती शाळेत पडली तो मंगळवार. हात मोडलाय हे आम्हाला कळलं गुरुवारी, तेही तिला चमचा धरता येईना म्हणून. दोन दिवस आठ वर्षांची पोर मोडलेल्या हाताने दप्तर उचलत होती! डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" तिनं माझ्याकडे बघितलं. "ममा, किती सांगू?"

आई, तो प्रश्न मी ओळखला.

चौथीत माझे बूट लहान झाले होते, आठवतं? मी वर्षभर तेच घातले. अंगठ्याचं नख काळं पडून निघालं, तेव्हा तू अरुणामावशीला कौतुकानं म्हणालीस, "आमच्या अश्लेषाचा कशाचा म्हणून त्रास नाही." त्या वाक्यावर मी जगले गं. बाबा म्हणाले म्हणून इंजिनिअरिंग. रोहन म्हणाला म्हणून सिंगापूर. बॉस म्हणतो म्हणून रोज संध्याकाळी कॉल. आज कुणी विचारलं, तुला काय हवंय, तर मी समोरच्याचा चेहरा वाचत बसते.

आणि लपवलेलं हे, की चैत्रालीनं सांगितलं होतं. मंगळवारीच. मी कॉलवर होते. ती दारात उभी राहून म्हणाली, "ममा, हॅन्ड पेन." मी माईक बंद करून म्हणाले, "आत्ता त्रास देऊ नकोस हं, शहाणी ना तू?" ती लगेच इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "ओके लाह, नॉट सो पेन." आणि गेली.

रोहनला अजून सांगितलेलं नाही.

रविवारी तू तिला म्हणालीस, "गुणी गं माझी बाय, रडलीसुद्धा नाहीस." ती केवढी फुलली! मीही "हो ना" म्हणाले. नंतर जेवण गेलं नाही. पोर माझ्या डोळ्यांसमोर माझ्यासारखी होत चाललीय आणि तिला कसं अडवायचं ते मला कळत नाही.

तिला पुन्हा तसं म्हणू नकोस. हे फोनवर मला जमणार नाही, तू "बरं बाई" म्हणालीस की मी लगेच माघार घेईन. याआधीची दोन पत्रं फाडली; दोन्हींच्या शेवटी मी तुझी माफी मागितली होती.

रागावलीस तर रागाव. पण रविवारी तिला विचार, दुखतंय का. ती "नाही" म्हणेल. मग दुसऱ्यांदा विचार. मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

तुझी,
अश्लेषा