तीनदा म्हटलेलं 'येतो'

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? इकडे माझं ठीक चाललं आहे, म्हणजे तक्रार ऐकायला खोलीत दुसरं कुणी नाही.

तीन आठवडे झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. भाचीनं कळवलं, की माझ्या सुट्टीच्या सोमवारी तू स्टँडवर उभी राहून दोन गाड्या पाहिल्यास, भात तिघांचा टाकला होतास, आणि आता मामाचा विषय निघाला की भांडी जोरात घासतेस. त्याचा खुलासा करतो.

मी धरणावरच्या खोलीत बसून पाण्याची पातळी वायरलेसनं मुख्य कचेरीला कळवतो, हे तुला ठाऊकच आहे. वाटेत खरखर फार. मागे माझा चार तिकडे नऊ होऊन पोचला आणि साहेब (अर्धी दाढी तशीच ठेवून) जीप घेऊन धावत आले. तेव्हापासून नवं यंत्र बसवलं आहे. ते प्रत्येक आकड्याबरोबर थोडे जादा आकडे पाठवतं. वाटेत एखादा बिघडला, तर पलीकडचं यंत्र त्या जादा आकड्यांवरून नेमका कुठला बिघडला ते ओळखतं आणि काही न बोलता सुधारून घेतं. (माणसांत असं कुणी मला भेटलेलं नाही.) इंजिनिअर म्हणाला, "काका, सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे एकच गोष्ट तीनदा सांगायची. दोन जुळतील ते खरं." मला पटलं. देवाचं नावही आपण एकदा घेऊन थांबत नाही. इथून वरपर्यंत किती खरखर असेल कुणास ठाऊक!

आपला फोनही खरखरतो, म्हणून त्या सुट्टीआधी फोन केला तेव्हा ही युक्ती तुझ्यावर चालवली. गुडघा बरा का, हे तीनदा विचारलं. तू म्हणालीस, "अरे, तिन्ही वेळा तोच दुखतोय! बहिरी नाही झाले मी अजून." मग फोन ठेवताना, 'जातो' म्हणू नये ही आईची शिकवण, म्हणून 'येतो' म्हणालो. तेही तीनदा. तू म्हणालीस, "ये." आता 'येतो' एकदा म्हटलं तर तो निरोप, पण तीनदा म्हटलं की माणूस निघालाच, हे माझ्या ध्यानात आलं नाही. अक्षरं सगळी धडपणे पोचली. अर्थ तेवढा दुसऱ्याच गाडीत बसला. तेव्हा दोष माझा नाही, भाषेचा आहे. राग सोड.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचा खुलासा पुन्हा वाचला. तो खोटा आहे. मी निघालोच होतो. बॅग भरून स्टँडवर गेलो, तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं एकच बाई उरली होती. तेवढ्यात मनात आलं, ताईचं 'ये' निरोपाचं असलं तर? ते तू एकदाच म्हणाली होतीस. परत फिरलो.

आणखी ता. क. येत्या सोमवारपासून आठ दिवस रजा मंजूर झाली आहे. गाडी अकराला पोचते. असा गुडघा घेऊन स्टँडवर येऊ नकोस. आलीस तर मात्र बरं वाटेल.