हिरव्या ठिपक्याची ड्युटी

रहिमतपूरजवळची आपली वाडी,
गुरुवार, दुपार (माडीवर मीटिंग चालू)

सन्माननीय व्याही नाथाजीराव यांना आकारामचा मनापासून रामराम.

आपण, विहीणबाई आणि मलकापुरातली सगळी मंडळी खुशाल असतील, असं धरूनच लिहायला बसलो आहे. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? (लग्नात वरातीपुढं तुम्ही ज्या ताकदीनं नाचलात, ते बघून मी तेव्हाच हिला म्हणालो होतो, की हा गुडघा आता फार दिवस ऐकायचा नाही.) इकडं सर्व ठीक. तुमच्या जावयाची, ऋषिराजची पोस्टिंग अजून तिकडंच आहे, सरहद्दीवरच्या वाळूत. त्याचा फोन येतो, पण 'ऐकू येतंय का' आणि 'आता येतंय का' एवढ्यातच संपतो. म्हैस व्याली, रेडी झाली. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलाय.

खिशात मोबाईल असताना हा माणूस पत्र का लिहीत बसलाय, असं तुमच्या मनात आलं असेल. कारण असं की आमच्या घरात दिवसा बोलायला बंदी आहे. तुमची संयोगिता माडीवर बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते आणि खाली सोप्यात कुणी तोंड उघडलं, की ते परस्पर पुण्याला पोचतं. परवा मी शिंकलो, तर माडीवरून बंगलोरच्या कुणा साहेबानं मला इंग्रजीत आशीर्वाद दिला. आता मला सांगा, ज्या माणसानं अख्खी नोकरी परेड ग्राउंडवर ओरडण्यात घालवली, त्यानं म्हातारपणी स्वतःच्या घरात खुणा करून पाणी मागायचं का? एकदा मी खुणेनं पाणी मागितलं, तर हिनं तपकिरीची डबी आणून दिली. (ती मी नाकारली नाही, ही गोष्ट वेगळी.)

लग्न ठरवताना तुम्ही म्हणाला होता, "पोरीची नोकरी फ्लेक्सिबल हाय पाव्हणं, कवाबी करती, कुठनंबी करती." फ्लेक्सिबल म्हणजे वाकणारं, एवढं मला ठाऊक होतं. वाकायचं कुणी, ते इथं आल्यावर कळलं. कंपनीनं वेळेचं बंधन काढून टाकलंय. त्यामुळं काम कधी सुरू करायचं ते कंपनी सांगते आणि कधी संपवायचं ते कुणीच सांगत नाही. सकाळी उठल्याबरोबर पोरीला मोबाईलपुढं तोंड न्यावं लागतं. मान डावीकडं, मान उजवीकडं, डोळे मिचकाव, मग हजेरी लागते. पहिल्या दिवशी ते बघून मी तिला सांधेवाताचं तेल आणून दिलं होतं. हातातलं घड्याळ तर त्याहून वरचढ. ते तिला उठ म्हणतं, चाल म्हणतं, पाणी पी म्हणतं, आणि मधूनच श्वास घे म्हणतं. ही ते ऐकून म्हणाली, "मंजी आजवर कुणी न सांगता श्वास घेतला, तवा आमी सुटीवर हुतो व्हय?"

तेही चाललं असतं. खरं दुखणं ठिपक्याचं. कंपनीचं एक बोलण्याचं ॲप आहे, त्यात प्रत्येकाच्या नावापुढं ठिपका असतो. माणूस कामावर असला की ठिपका हिरवा. थोडा वेळ माउस हलला नाही की पिवळा. पिवळा झाला रे झाला की तिकडून कुणीतरी विचारतं, "सगळं ठीक आहे ना?" मला तो प्रश्न फार मायेचा वाटला होता. पण त्याचा अर्थ 'कुठं उलथलीस' असा असतो, असं संयोगितानं समजावून सांगितलं. त्यात तिची सोनम मॅडम म्हणून जी वरची अधिकारी आहे, ती रोज ऐन जेवणाच्या वेळेला उभी मीटिंग घ्यायची. (नावच तसं आहे. उभं कुणीच नसतं.) म्हणजे पोरगी खाली येणार, ताटावर बसणार, पहिला घास मोडणार, आणि माडीवर टिंग वाजणार. ही भाकरी तव्यावरून काढून वाट बघायची आणि भाकरी निवायची. हिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. घरातलं माणूस उपाशी उठलं, की ही दिवसभर भांड्यांशी भांडते. आणि भांडी आपटायलाही बंदी! त्यामुळं ते सगळं माझ्यावर यायला लागलं.

शेवटी मीच म्हणालो, "सूनबाई, मीटिंग उरकली की तू निवांत जेव. ठिपक्याची ड्युटी मी करतो." तीन युद्धसरावांत मी रात्र-रात्र पहारा केलेला माणूस, मला ठिपका राखणं काय अवघड? पोरीनं शिकवलं, की फक्त माउस हलवायचा, दुसरं कशालाही हात लावायचा नाही. दोन दिवस मी ताठ बसून असा माउस हलवला की ठिपक्याची पिवळं व्हायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी पडद्यावर एक लांबलचक इंग्रजी मजकूर आला. मला त्यातले तीनच शब्द कळले: होम, ऑफिस आणि प्राउड. घर, कचेरी आणि अभिमान. याला नको म्हणण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही. शिवाय कुणीच उत्तर देत नव्हतं, आणि वरिष्ठांनी विचारल्यावर तुकडीत कुणीच हूं का चूं करत नाही हे मला फौजेत असल्यापासून खपत नाही. खाली अंगठ्याचं चित्र होतं. मी ते दाबलं.

संयोगिता वर आली, तिनं ते वाचलं. "मामा, काय केलंत हे?" एवढंच म्हणाली. मग कळलं ते असं. कंपनीच्या मनात सगळ्यांना परत पुण्याच्या ऑफिसात बोलवायचं होतं. त्याआधी घरून खरोखर काम होतं का, हे बघायला बंगलोरचे मोठे साहेब एकाच्या घराची व्हिडिओवर पाहणी करणार होते. 'कोण आनंदानं आपलं घर दाखवेल' असं विचारलं होतं. सगळ्या कंपनीत आनंद एकालाच झाला होता, मला. साहेबांना घर पसंत पडलं नाही, तर आमच्या सूनबाईसकट सगळ्यांनी बाडबिस्तरा गुंडाळून पुणं गाठायचं. म्हणजे इतक्या लोकांची भाकरी माझ्या एका अंगठ्याखाली आली. त्या दिवशी मी जेवलो नाही. (हिनं आग्रहही केला नाही.)

पण पाहणी म्हटल्यावर मला कुणी काही शिकवायची गरज नाही. मी जिना घासून घेतला. माडीवरची खताची पोती हलवायला जागा नव्हती, तर त्यांवर ऋषिराजच्या लग्नातली शाल पांघरली. रेडीला आणि म्हशीला भावकीच्या गोठ्यात नेऊन बांधलं. म्हैस दावं तोडून पाहणीच्या आधी हजर झाली. समोरच्या गिरणीवाल्या धुळाला, गिरणी तेवढा वेळ बंद ठेव म्हणून सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "आण्णा, लाइट आपल्याकडं यितीया कवा आन् तुमी बंद कर म्हणता?" त्याचंही खरं होतं. मग संयोगितानंच कॉम्प्युटरमध्ये काहीतरी नवीन बसवलं. ते माणसाचा आवाज तेवढा पुढं पाठवतं आणि बाकीचं सगळं गिळून टाकतं. मी हिला तरीही सक्त हुकूम दिला की पाहणी संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. आता विचार करतो, तर सगळं बिघडलं ते त्या हुकमामुळंच. गप बस म्हटल्यावर ही कधी गप बसलेली नाही.

पाहणी सुरू झाली. पडद्यावर बंगलोरचे साहेब, शेजारच्या चौकोनात सोनम मॅडम, बाकीच्या चौकोनांत बाकीची घाबरलेली मंडळी. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा. खाली म्हैस हंबरत होती, गिरणी धडधडत होती, उसाच्या वाटेनं एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला. तिकडं काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही! साहेब म्हणाले, काय शांतता आहे, आमच्या ऑफिसातही इतकी नाही. पोरीच्या चेहऱ्यावर रंग आला. आणि नेमक्या त्याच वेळी, खिडकीखाली अंगणात शेंगा फोडत बसलेल्या आमच्या हिनं शेजारच्या दगडाबाईला सांगायला सुरुवात केली.

"काय सांगू दगडाबाई, ती मडम हाय न्हवं पोरीची, तिच्या घरात चूल पेटती का न्हाई कुणास ठावं! पोरीनं घास उचलला की हाक मारती. लगीन होऊन आल्यापासनं पोरीला एक गरम भाकरी मिळाली न्हाई. मला सांग, त्या मडमला आई हाय का न्हाई? असंल, तर लेकीला घरला बोलवून एकदा पोटभर घाल म्हणावं. मंजी दुसऱ्याच्या लेकी जेवल्या का न्हाईत, ते इचारायचं तिला कळंल."

माणसाचा आवाज होता. सगळाच्या सगळा पुढं गेला.

संयोगिता आवाज बंद करायचं बटण शोधत होती, पण घाईत भलतंच बटण दाबून तिनं आवाज मोठा केला. साहेबांनी विचारलं, काय म्हणतायत त्या? आणि मग आजवर इंग्रजीशिवाय एक अक्षर न बोललेल्या सोनम मॅडम म्हणाल्या, "हाय की ओ मावशी, आई हाय मला. विट्याला असती. पर लय दिस झालं, गेलीच न्हाई मी घरला."

खाली शेंगांचं सूप ठेवल्याचा आवाज आला. मी जिन्यात आडवा उभा राहिलो, पण ही मला बाजूला सारून वर गेली, पोरीशेजारी खुर्ची ओढून बसली आणि पडद्यात बघून म्हणाली, "मग रडतीस कशाला बाय? येत्या आयतवारी जा की. आन् आता जेवलीस का तू?" मॅडमनी मान हलवली, नाही म्हणून. साहेबांनी पुन्हा विचारलं, की हे काय चाललंय. मॅडमनी डोळे पुसले आणि गंभीर इंग्रजीत सांगितलं, की हा थेट जागेवरून आलेला फार मोलाचा अभिप्राय आहे. साहेबांनी तो लिहून घेतला.

पुढच्या आठवड्यात हुकूम निघाला. जेवणाच्या वेळेत कंपनीत कुठंही मीटिंग घ्यायची नाही. त्याला एक भलंमोठं इंग्रजी नाव दिलंय आणि ही कल्पना साहेबांना डोंगरावर ध्यान करताना सुचली, असं त्यात छापलंय. घरून काम करायची परवानगीही कायम राहिली. आता आमची ही दर शुक्रवारी माडीवर जाऊन पोरीच्या मीटिंगला हजेरी लावते. आवाज चालू-बंद करायला शिकलीय. (बंद करायला कमी.) एकेका चौकोनाला ती जेवलास का, लगीन ठरलं का, आईला फोन केला का, असं विचारते, आणि ते चांगले शिकलेसवरलेले लोक निमूट उत्तरं देतात. मला अजूनही खालीच बसवतात, आणि मी बोललो की ही वरून गप बसायची खूण करते.

तर तुमची लेक सुखात आहे, गरम जेवते आहे, हे कळावं म्हणून एवढा पसारा लिहिला. विहीणबाईंना नमस्कार सांगा. उत्तर पत्रानंच धाडा. फोन केलात, तर तुमच्या घरची खुशाली आमच्याआधी बंगलोरला कळेल.

आपला व्याही,
आकाराम

ता. क. : खरी गोष्ट लिहायची राहिली. सोनम मॅडमनी संयोगिताला वरची जागा देऊ केलीय. हाताखाली माणसं असणार, पण त्यासाठी वर्षभर तरी पुण्यात राहावं लागेल. पोरगी म्हणते, "मामा, तुम्ही म्हणाल तसं." आता आम्ही जा म्हटलं, तर तिला वाटेल आम्हाला नकोशी झाली. आणि नको म्हणावं, तर तिच्या कष्टाचं मातेरं. मला विचाराल तर तिनं जावं. ऋषिराजचंही तेच म्हणणं, निदान जेवढं ऐकू आलं तेवढ्यावरून. तर तुम्ही वडील या नात्यानं तिला जा म्हणून सांगा. आमच्या हिला मात्र ते फार लागणार. बाईमाणूस हळवं असतं. घर खायला उठेल तिला. पण मी आहे, मी सांभाळून घेईन.

दुसरा ता. क. : हे पत्र हिला दाखवलेलं नाही.

नाथाजीभाऊ, मी लीलाबाई. पत्र डकवाय माझ्याकडंच दिलं, म्हणून वाचलं. ह्यांनी लिवलंय ते बरंचसं खरं हाय, पर शेवटचं न्हाई. संयोगिताला मी कवाच जा म्हणून सांगितलंय, आन् तिनं बी कंपनीला हो म्हणून कळवलंय. तुमी काय बी सांगू नका, उगा तिचा गोंधळ हुईल. हळवं कोण म्हणाल, तर पोरगी जाणार म्हटल्यापासनं ह्यांची भाकरी अर्ध्यावर आलीया, आन् काल म्हशीला गोंजारत उभं ऱ्हायलं हुतं. आता माझं काम. पोरीचं बिऱ्हाड लावाय मी बी संगं जाणार हाय पुण्याला. सोनमची आई बी येणार हाय विट्याहून, आमचं फोनवर ठरलंय. ह्यांना अजून बोलली न्हाई. ह्यांना चहा सुदीक करता येत न्हाई. तर तुमी एक करा. वरचा मजला बांधाय काढलाय, गवंड्यांवर नजर ठेवाय कडक माणूस पायजे, असं काय तरी लिवून ह्यांना मलकापूरला बोलवून घ्या. हुकूम सोडाय मिळतोय म्हटल्यावर पयल्या गाडीनं येतील. म्हशीचं दगडाबाई बघती. मीठ कमी घाला त्यांना, बीपी हाय. मी येऊन घिऊन जाईन, पर त्यांना माघारी धाडायची लय घाई करू नका.