न मिटणारी सुरी

भावजींना,

मोठ्या वहिनीचा नमस्कार. (खरं तर नमस्कार तुम्ही करायचा, मोठी मी आहे. पण तुम्ही दारातच येत नाही तर तो घ्यायचा कुठून? म्हणून माझाच पाठवते, जमेल तेव्हा परत करा.) तब्येत बरी असेल. नसली तरी तुम्ही कळवणार नाही, म्हणून बरी आहे असंच धरून चालते. इकडे तुमची आई गुडघे सोडून ठणठणीत. जीभ तर रोज नवी पाजवून आणल्यासारखी. मीही आहे. तुमचे दादा तळ्यात गेले तेव्हापासून होडी मीच काढते, जाळं मीच टाकते आणि ओढतेही मीच. शेजारणी म्हणतात, एकटी बाई पाण्यावर कशी जाते गं. मी म्हणते, मग चला की बरोबर. लगेच सगळ्यांना चुलीवरचं दूध आठवतं.

पत्राचं कारण सुरी. जाळ्याच्या दोराला दगड बांधलेला असतो आणि तो दगड खाली जाताना दोर पायाला विळखा घालू शकतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं? दादांच्या पायातला दोर आपण दोघांनीच सोडवला. तेव्हा काठावर बसून तुम्ही एकच धरून होतात, "माझाच चाकू उघडला नसेल वहिनी, मीच स्वस्तातला मिटणारा चाकू दिला." आणि उठून जे गेलात ते गेलात. त्यावर मागाहून येते. आधी माझे हाल ऐका.

तर ठरवलं, मिटणारं काही नको, उघडी सुरीच घ्यायची. पहिली बाजारातल्या ढिगातून उचलली. लाल मूठ, दिसायला नवरीसारखी. एकदा जाळ्यात लाकडाचा ओंडका अडकला, मी एक घाव घातला आणि मूठ माझ्या हातात, पातं तळ्यात. त्या मुठीला मी इतक्या शिव्या घातल्या की काठावरचे बगळे उठून गेले. मुठीत बघते तर पात्याची शेपटी बोटाच्या पेराएवढी आत असलेली, बाकी सगळा डिंक. घरी आल्यावर तुमच्या आईने ती मूठ उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "शेपटी पार बुडापर्यंत गेलेली बघायची, दोन्हीकडून लाकूड आणि आरपार खिळे. बघून घ्यायची अक्कल नाही, तुला कुणी बघून आणली?" (त्यांनीच आणली. घरात सुरी नव्हती म्हणून बरं.)

मग लोखंडाच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी हातभर लांब सुरी काढली. पाठीला करवतीचे दात, पोकळ मूठ आणि मुठीच्या टोपणात होकायंत्र. म्हणाला, जंगलात वाट चुकली तर उपयोगी पडतं. मी म्हटलं, बाबा, मला माझं घर ठाऊक आहे, दोर कापायला काहीतरी दाखव. आणि पोकळ मुठीचं काय होतं तेही मला ठाऊक आहे. मग तोंड वाकडं करून त्याने खालच्या खणातली एक काढली. साधी, पातं तळहाताएवढं, पाठ जाड, शेपटी बुडापर्यंत. चकचकीत पोलाद घेतलं तर गंजत नाही पण धार लवकर सोडतं, काळं घेतलं तर धार धरतं पण ओल दिसली की गंजतं, असं तो म्हणाला. मी काळं घेतलं. गंज दिसतो तरी, गेलेली धार आयत्या वेळीच कळते. "कापून बघू का?" म्हटलं. "बघा की, कुठलाही दोर कापा," म्हणाला. जवळचा कापला. तो टांगलेल्या बादल्यांचा निघाला. दुकानातल्या सगळ्या बादल्या गडगडत रस्त्यावर गेल्या. (त्याने सुरीचा भाव तिथल्या तिथे उतरवला. मला तिथून काढायचीच घाई असावी.)

सुरी चांगली, पण आता तिची बडदास्त ठेवणं आलं. पहिल्याच दिवशी मी ती ओलीच कातड्याच्या म्यानात खुपसली. सकाळी निघेना. म्यानावर पाय देऊन ओढली तेव्हा कुठे बाहेर आली, अंगावर लाल पुरळ घेऊन. तुमच्या आई म्हणाल्या, "पोराला ओलं झोपवतेस का? पुसायचं, वाळवायचं, तेलाचं बोट फिरवायचं, मग म्यान." पुढे धार गेली म्हणून धारवाल्याकडे नेली आणि म्हटलं, धार काढ. त्याने चाक असं फिरवलं की ठिणग्या उडाल्या आणि पातं तापून निळं, मऊ पडलं. मग ते दोर कापेना, नुसतं कुरवाळत बसे. सासूबाई म्हणाल्या, "धार काढ म्हणालीस, काढली त्याने." मग स्वतःच चहाचा कप उपडा घातला आणि बुडाच्या त्या खरखरीत कडेवर, जिथे चकाकी नसते तिथे, पातं आडवं टेकवून सावकाश ओढायला शिकवलं. आता आमच्याकडे पाहुण्याला चहा दिला की कपाच्या बुडाशी काळे पट्टे दिसतात. पाहुणे कमी झालेत.

पण एवढ्यावर थांबतील तर त्या तुमच्या आई कसल्या. सुरी कमरेला नको, एक हात अडकला तर दुसरा पोचला पाहिजे, म्हणून गळ्यात बांधायला लावली. आणि आता मी भांडी घासत असो की केस विंचरत असो, मागून येतात, माझ्या पायाला दोर टाकतात, दुखऱ्या गुडघ्यांनी जमिनीवर बसून तो गच्च ओढतात आणि ओरडतात, "काप!" मी कापते. त्या म्हणतात, "उशीर. बुडालीस." पुन्हा दोर. परवा डोळे मिटून एका झटक्यात कापला, तर त्यांनी दोर पुन्हा टाकलाच नाही. तो तुकडा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. जेवायला बोलावलं तरी उठल्या नाहीत.

बाकी ठीक. जपून राहा.

तुमची वहिनी

ता. क. येताना दोर आणा. घरातला सगळा कापून झाला. धुणं गाठीगाठींच्या दोरीवर वाळतंय.

आणखी एक. सुरी पुसायला जुनं फडकं शोधत होते, तर ट्रंकेत तळाशी दादांचा लोकरी मोजा सापडला. त्यात तुमचा चाकू. कागदात गुंडाळलेला, दुकानातलं तेल तसंच. अंगठा लावला आणि उघडला. भावाने दिलेला म्हणून तो पाण्यावर न्यायचाच नाही, असा त्या माणसाचा शहाणपणा. त्या दिवशी त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. तेव्हा चाकूला दोष देऊ नका आणि स्वतःलाही देऊ नका. द्यायचाच तर दादांना द्या. मी रोज देते.

शेवटचं. होडीचं दुसरं टोक रिकामं आहे. आईंना मी पत्राचं काही सांगितलं नाही, पण मला लिहिताना बघून म्हणाल्या, "त्याला लिही, आला की आधी पाय पुढे कर म्हणावं." दोराचा एक तुकडा त्यांनी उशाखाली राखून ठेवलाय.