तापाने गेलेली येशी

१८ नोव्हेंबर
दादाचा फोन. येतो म्हणाला, आणि या वेळी राहायला. आई गेली तेव्हा एक रात्र थांबला होता, त्यानंतर फोनवरच खुशाली. किती दिवस राहशील विचारलं तर म्हणे, "येशे, आता काय दिवस मोजायचं वय राह्यलं?" डायलॉग मारायची खोड जात नाही मेल्याची. पण फोन ठेवल्यावर झाडलेलं अंगण मी पुन्हा झाडलं.
शेजारच्या मंदाला सांगून बसले. चूक केली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या सावली गावात झालं, नर्सबाईच्या, म्हणजे माझ्या घरी सुबोधकुमार येनार हायेत.

२१ नोव्हेंबर
आला. नागपूरहून गाडी करून. ब्याऐंशी वर्षांचा, हातात काठी, केस मात्र काळेभोर.
घरी श्रावण, पडद्यावर सुबोधकुमार. हिरो कधीच नव्हता, हिरोइनचा मोठा भाऊ. बहिणीच्या लग्नासाठी जमीन विकणारा, तिच्यासाठी जेलात जाणारा, शेवटी तिच्याच मांडीवर डोकं ठेवून मरणारा. टॉकीजमध्ये बाया हुंदके द्यायच्या. देशभरातून त्याला पोस्टाने राख्या जायच्या. मीही पाठवायची. त्या ढिगात माझी कोणती हे त्याला ओळखू येत असेल का, असं मनात यायचं.
आज तसलं काही मनात आलं नाही. बोडीच्या तळ्यातले मासे, नव्या तांदळाचा भात. पाट मागितला, खाली बसून जेवला. "असा भात तिकडं नाई मिळत, येशे." खूप बरं वाटलं. नंतर इथे काय काय लिहीन माहीत नाही, पण आज खूप बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर
दारात जत्रा. मंदा, तिची सून, पोरं, वरच्या आळीच्या बाया. सगळ्यांचं एकच, रडून दाखवा जी. दादा खुर्चीत बसला, मान खाली घातली, वर केली तर डोळे भरलेले. ढळत नाही, पापणीवर थांबतं ते पाणी.
मंदाची सून म्हणाली, "डोळ्याले काहीच नाई लावलं! कसे काय रडता?"
"आठवतो कोणाला तरी."
"कोनाले जी?"
दा. माझ्याकडे पाहून हसला आणि चहा मागितला. मंदाने सुनेला कोपराने ढोसलं आणि गप्प बसली. मंदा गप्प बसली हे नवलच. मी चहा टाकायला आत गेले.

२५ नोव्हेंबर
दा.वर फिल्लम काढताहेत. गोष्टीची नाही, त्याच्या आयुष्याची. मुंबईहून एक मुलगी येणार, अनन्या नावाची, सोबत कॅमेरेवाले. म्हणजे राहायला आला तो यासाठी. थोडं टोचलं. पण आला तर खरा, कारण काही का असेना.
भिंतींना चुना मारून घेऊ का विचारलं. म्हणाला, नको, जुनं दिसलं पाहिजे. मी कोणती साडी नेसू? म्हणाला, बघू. धानी रंगाची रेशमी काढून उन्हात घातली आहे.

२६ नोव्हेंबर
लिहू नये वाटतं. लिहिलं पाहिजे तरी.
दुपारी म्हणाला, येशे, एक सांगायचं आहे, रागावू नकोस. आणि सगळं हिंदीत सांगितलं, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.
पहिल्यांदा काम मागायला गेला तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, रो के दिखाओ. याला रडू येईना. मग माझा ताप आठवला. मी सात वर्षांची, वैनगंगेला पूर, डॉक्टर पलीकडच्या तीरावर, मी आईच्या खांद्यावर तापाने फणफणलेली, काठावर एक होडी नाही, डोंगा नाही. ते सांगता सांगता हा रडला. दिग्दर्शकाने विचारलं, फिर क्या हुआ? हा म्हणाला, मर गई.
काम मिळालं. मग तेच प्रत्येक मुलाखतीत, मासिकात, रेडिओवर. सुबोधकुमार ग्लिसरीन लावत नाहीत, त्यांना त्यांची लहान बहीण आठवते. तापाने गेलेली येशी.
गोष्ट खोटी नाही. डोंगा नव्हता. पण मग एका कोळ्याने, ढिवरबाबाने आपला बांधून ठेवलेला डोंगा सोडला, पुरात घातला आणि मी जगले. तेवढं याने कापलं.
तर आता फिल्लमवाले आले की मी शेजारची बाई. त्याची एवढीच विनंती.
"मी जित्ती हाय ना रे दादा."
म्हणाला, "तुझं तर भलंच झालं. अंगाला कावळा शिवून अपशकून झाला की आपल्याकडं मेल्याची खोटी खबर धाडत नाईत? आयुष्य वाढते. पाय बरं, कशी टुणटुणीत हायेस."
खबर धाडतात, पण माणसं रडून झाली की लगेच खरंही कळवतात. याने जन्मभर कळवलं नाही.

२७ नोव्हेंबर
प्रकाशचा फोन, गडचांदूरहून. ड्युटीवर जात होता. त्याला सांगितलं. मला वाटलं, पोरगा मामाला शिव्या घालेल. तर म्हणाला, "आई, मले माहीत होतं. कालेजात होतो तवा टीव्हीवर सांगतलं मामानं. तुले काऊन सांगू, उगाच जीवाले लावून घेशीन."
मंदाला अंगणात गाठलं. ती खालीच पाहून बोलली. "आमाले वाटे, तुमाले ठाऊक असन. आनि नसन तं कोन सांगावं बाई? तोंडावर कसं म्हनावं, तुमी मेल्या म्हनून?"
सगळ्यांना माहीत. मला चहा द्यायचे, पोरांना इंजेक्शनं द्यायला बोलवायचे, आणि मनात म्हणायचे, ही ती मेलेली. पोटचा पोरगासुद्धा.
आज चूल पेटवली नाही. दा.ने बिस्किटं खाल्ली. खाऊ दे.

२९ नोव्हेंबर
आले. मुलगी चांगली आहे, आल्या आल्या पाया पडली. दा.ने काठीने माझ्याकडे दाखवलं. "ये यशोदाबाई. हमारे पड़ोस की. इन्हीं के यहाँ ठहरा हूँ."
मी तोंड उघडलं नाही. काऊन? दिवसभर हेच विचारते आहे स्वतःला. पोरीसमोर ब्याऐंशीव्या वर्षी त्याची शोभा व्हावी असं वाटेना. लाज त्याने सोडली आणि राखायची मी, हा कुठला न्याय?
चहा केला. धानी साडी घडी घालून परत पेटीत टाकली.

३० नोव्हेंबर
नदीवर गेलो. पाणी उतरलं आहे, वाळू उघडी पडली. दा.ला काठावर दगडावर बसवलं, शर्टाला बारीक माइक लावला. मी कॅमेऱ्याच्या मागे, त्याची शाल आणि पाण्याची बाटली घेऊन.
त्याने सांगायला सुरुवात केली. आईचं लुगडं कसं भिजलं होतं. मी तापात काय बरळत होते. मला भूक लागली होती आणि मी आंबिल मागितली होती म्हणे. हे मलाही आठवत नाही. याला आठवतं. मग म्हणाला, मर गई, आणि रडला.
नोकरीत लोकांचं रडणं पुष्कळ पाहिलं आहे. दाखवायचं कोणतं, आतलं कोणतं, चेहऱ्यावर कळतं. हे आतलं होतं. खोटं असतं तर बरं झालं असतं. त्याचा त्या पोरीवर फार जीव आहे, मेली तिच्यावर. जगली ती त्याला अडचण. पोरगी रडली, कॅमेरेवाला रडला. मीही रडले, माझ्याच मरणावर. आणि त्या येशीचा मला एवढा हेवा वाटला की तिथेच वाळूत बसले.

१ डिसेंबर
सकाळी अंगणात कॅमेरा. उद्या जाणार म्हणून शेवटचं काम. अनन्या म्हणाली, "मावशी, तुम्ही लहानपणापासून यांच्या शेजारी. येशी आठवते का तुम्हाला? दोन शब्द बोला ना." दा.ने माझ्याकडे पाहिलं. मानेने हळूच नाही म्हणाला. मंदा दारात उभी.
मला दोन शब्द बोलायला सांगितले, मी दोन बोलले. "येशी नाई मेली. डोंगा भेटला होता. मीच येशी आहे."
मग दा. उठला. काठी न घेता चालत आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे भरले त्याचे, आणि पोरीला म्हणाला, "उमर हो गई है बेचारी की. येशी की सहेली थी. कभी-कभी ख़ुद को येशी समझ लेती है."
एवढं चांगलं काम त्याने पडद्यावर कधी केलं नसेल.
पोरीने मला जवळ घेतलं. मावशी, बीपीची गोळी घेतली का, विचारलं. मला! मी मंदाकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला आणि घरात निघून गेली. नंतर येऊन म्हणते, "एवढ्या मोठ्या मानसाले चारचौघात खोटं कसं पाडावं जी?"
मला पाडलं की.

२ डिसेंबर
गेला. त्यांच्याच गाडीत. "दिवस मोजायचं वय" वगैरे सगळं तिथल्या तिथे राहिलं. जाताना म्हणाला, "तू ऐकलं असतंस तर मला तसं बोलावं लागलं नसतं." म्हणजे तेही माझ्याच माथी.
पाया पडले नाही. आशीर्वाद द्यायला त्याचा हात वर झाला होता, तो केसांवरून फिरवला आणि गाडीत बसला. जन्मात पहिल्यांदा पडले नाही. पश्चात्ताप नाही. नाहीच.

६ डिसें.
प्र. आला होता. मळणी झाली, पोती आत लावून दिली. पायाशी बसला, "आई, बोल ना गा माह्यासंग." जेवायला वाढलं. बोलले नाही. निघताना त्याला लोणच्याची बरणी दिली, पण त्याचा अर्थ त्याने लावून घेऊ नये.

१० डिसेंबर
अनन्याचा फोन. आवाज वेगळाच. चित्रीकरण बघत बसली होती म्हणे. नदीवर कॅमेरा बंद झाला, पण दा.च्या शर्टावरचा माइक चालूच राहिला होता. त्यात त्याचा आवाज आहे. "येशे, पानी दे." आणि बाईचा आवाज, "घे. हळू पी."
"मावशी, तो आवाज तुमचा आहे."
मी खुर्ची ओढून बसले. ती म्हणाली, "सॉरी मावशी. तुम्ही सांगाल तेच मी फिल्ममध्ये ठेवीन. पण मग दादांचं सगळंच..." मला कळलं पुढचं, खोटं ठरेल.
मी म्हटलं, "मी एकदा सांगतलं पोरी. पुन्हा नाई सांगनार. त्यालेच विचार."
"ते नाही म्हणाले तर?"
"तर येशी मेली, तसंच लाव."
परवा संध्याकाळी त्याच्या घरी जाते म्हणाली.

१२ डिसेंबर
प्र. दुपारी फोनवर चिडला. "तू काऊन नाई सांगत सरळ? तुह्या हातात हाय!" त्याला नाही कळायचं. फिल्लममध्ये येऊन मला काय करायचं आहे? लोकांनी काय ते समजावं. मला त्याच्या तोंडून पाहिजे. माझी बहीण आहे, जिवंत आहे. एकदा, एका माणसासमोर. बास.
संध्याकाळ झाली. पोरगी पोचली असेल. मी जिवंत की मेलेली ते तिकडे मुंबईत ठरणार, आणि मी इथे तांदळातले खडे काढत बसले आहे.

फोन आला. दा.चा. उचलला तर रडण्याचा आवाज. पोरगी येऊन गेली का, विचारलं. काय सांगितलंस तिला? नुसता रडतो आहे. तोंड दिसत नाही, त्यामुळे आतलं की दाखवायचं, मला काही कळत नाही.
शेवटी विचारलं, "कोन्या येशीसाठी रडून राह्यला, दादा?"
त्याचं रडणं थांबलं. फोन त्याने ठेवलेला नाही. मीही नाही. स्पीकर लावून समोर ठेवला आहे आणि हे लिहिते आहे. त्याचा श्वास ऐकू येतो.