संदेश कच्च्या टाक्याने द्यावा

मंडळीतल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, आणि त्यातही ज्यांना कधी ना कधी ‘प्रभू असे म्हणतो’ एवढ्या एका वाक्याने गप्प बसवले गेले, त्या सगळ्यांनो,

तुमची तक्रार मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कोणी चालती नोकरी सोडली, कोणी औषध बंद केले, कोणी सख्ख्या भावाशी बोलणे तोडले. का, तर कोणीतरी डोळे मिटून, हात वर करून तसे सांगितले म्हणून. पुढे सांगितल्याप्रमाणे काहीच घडले नाही. जाब विचारायला गेलात तर ‘तुमचाच विश्वास कमी पडला’ हे ऐकून परत आलात. चूक सांगणाऱ्याची आणि शिक्षा ऐकणाऱ्याला! हे मृत्युपत्र तुमच्यासाठीही आहे, म्हणून वकिलांचा मसुदा बाजूला ठेवून मी सुरुवात तुमच्यापासून केली. वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. लावू देत.

आता रीतसर लिहितो. मी धंद्याने शिंपी, रविवारी मंडळीत उपदेश करणारा, वय चौऱ्याहत्तर, पत्नी हयात नाही, मूलबाळ नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला लिहिताना ते म्हणाले, “मास्तर, डोक्याची खात्री देतो. जिभेची नाही.” हा लेख मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणून पाहिलेली दोन-चार माणसे मंडळीत आहेत, त्यांना ते कितपत जमते ते विचारावे. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे.

एक गोष्ट रिवाजाविरुद्ध आहे. माझी मालमत्ता माझ्या पश्चातच वाटली जाईल, कायदा तसेच म्हणतो. पण या लेखाची एक प्रत येत्या रविवारी उपासनेत मोठ्याने वाचली जाईल आणि मी पहिल्या बाकावर बसून ती ऐकेन. कारण कलम पाचमध्ये जे आहे, त्याने माझ्या मरणाची वाट पाहणे मला मान्य नाही.

कलम १. रस्त्यालगतचे दुकान, त्यावरच्या दोन खोल्या आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझ्या धाकट्या बहिणीचे. तिने या दुकानात एकेचाळीस वर्षे काजे केली आणि बटणे लावली. या गावातले निम्मे पुरुष तिच्या हातामुळे सभ्य दिसतात. हे मी तिला दान म्हणून देत नाही. तिचे तिला परत देतो. तिने दुकान चालवावे, विकावे किंवा कुलूप लावून समुद्र पाहायला जावे. तिला सल्ला द्यायला कोणी गेले तर तिने त्याला दार दाखवावे.

कलम २. मोठी कात्री पुढच्या चौकातल्या शिंप्याला द्यावी. तो माझा प्रतिस्पर्धी, आणि बाही बसवण्यात माझ्यापेक्षा सरस. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच कबूल करतो आहे, तेव्हा त्याने फार चढून जाऊ नये. त्या कात्रीने कागद कापू नये. पुस्तकांची दोन्ही कपाटे पाळकसाहेबांना द्यावीत, पण समासातल्या माझ्या टिपा खोडायच्या नाहीत. मोठमोठ्या ईश्वरज्ञान्यांशी मी तिथे पेन्सिलीने भांडलो आहे आणि काही ठिकाणी जिंकलोही आहे.

ऑर्गन वाजवणाऱ्या गृहस्थांना माझे भिंतीवरचे घड्याळ. माझे भाषण अर्ध्या तासापुढे गेले की ते हळूच गीताचे सूर धरत, आणि मंडळी गुमान उभी राहत असे. मी त्यांना क्षमा केली आहे. घड्याळ मात्र दहा मिनिटे मागे चालते.

कलम ३. माझा पुतण्या, ज्याला तुम्ही सगळे ‘भोंगा’ म्हणता, तो आठवड्याला वीस-पंचवीस जणांना फोनवरून संदेश देतो. परीक्षेत पास होशील, परदेशी जाशील, अमक्या महिन्यात मुलगा होईल. गेल्या वर्षी त्याने स्वतःची ओळखपत्रे छापून घेतली, वर ‘संदेष्टा’ असे सोनेरी अक्षरांत. मागच्या महिन्यात तो माझ्याकडे आला आणि गुडघे टेकून बसला.

“काका, जाण्याआधी माझ्या डोक्यावर हात ठेवा. देवाचा संदेश ऐकायचं दान माझ्याकडे येऊ द्या.”

“माझ्या बापाचं असतं तर दिलं असतं.”

“पण तुमच्यानंतर कोण आहे आपल्यात?”

“आपल्यात म्हणजे? हे काय शिलाई मशीन आहे?”

तो रागावून गेला. जाताना फोन वाजला म्हणून जिन्यातच कोणाला तरी संदेश देत गेला. तेव्हा स्पष्ट लिहितो: हे दान वारसाहक्काने मिळत नाही. आत्मा देतो, त्याला वाटते त्याला देतो, आणि माझ्या सहीची त्याला गरज नाही. पुतण्याला मी कपडे घालून पाहायच्या खोलीतला तीन पानी आरसा देतो. त्यात माणसाला स्वतःची पाठही दिसते.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी लिहितो. उपासनेत संदेशासाठी जी वेळ ठेवली आहे, ती आजवर मी सांभाळली. यापुढे ती आपल्या मंडळीतल्या इस्त्रीवालीने सांभाळावी असे मंडळीला माझे सांगणे आहे. तिला मी वस्तुरूपाने काहीही देत नाही, त्यामुळे ती या लेखाची साक्षीदारही होऊ शकते. वकीलसाहेब या एका मुद्द्यावर माझ्यावर खूश झाले.

तीच का, ते ऐका. लोक आमच्याकडे येतात ते भविष्य विचारायला. भविष्य आणि संदेश हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांची गल्लत हेच आपल्या मंडळीचे दुखणे. उद्या काय होईल हे हवे असेल तर हवामान खात्याकडे जावे. ते निदान चुकल्यावर दुसऱ्या दिवशी नवा अंदाज तरी देतात. संदेश म्हणजे समोरच्या माणसासाठी, आजच्यासाठी, देवाच्या मनातले एखादे वाक्य. त्याने माणूस उभा राहिला पाहिजे, त्याला धीर आला पाहिजे, त्याचे डोळे पुसले गेले पाहिजेत. एखादे वेळी संदेश कान उपटतो, पण उपटून माणसाला घरीच आणतो. ज्या संदेशाने माणूस सांगणाऱ्याच्या मुठीत जातो, तो देवाचा नाही. हे मी पन्नास वर्षे वाचून, बोलून आणि चुकून शिकलो आहे, आणि यावर माझ्याशी वाद घालायचा असेल त्याने सोमवारी दुकानात यावे. चहा मिळेल.

दोन वर्षांपूर्वी एक परिचारिका आपल्याकडे येऊ लागली. मागच्या बाकावर बसायची आणि शेवटच्या गीताआधी निघून जायची. एका रविवारी माझे भाषण तयार होते, विषय होता धीर, आणि दहा पाने होती. इस्त्रीवाली मध्येच उठली.

“ताई, चुकत असेन तर सोडून द्या. मला एवढंच ऐकू आलं, की तो तुमच्या हातून गेला नाही, तुमच्या हातात गेला.”

परिचारिका बाकावरच वाकून रडली. तिच्या वॉर्डातला एक रुग्ण तिच्यासमोर दगावला होता, आणि तिने राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. हे आपल्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. ‘हातून’ आणि ‘हातात’, दोन अक्षरांचा फरक! मला दहा पानांत जे साधले नसते, ते त्या दोन अक्षरांनी केले. ती आजही त्याच वॉर्डात काम करते.

याच इस्त्रीवालीने मागे नळदुरुस्तीवाल्याला सांगितले होते, “दादा, मला वाटतं, तुम्ही भावाला फोन करावा.”

“मला भाऊच नाही हो,” तो म्हणाला.

“बरं, मग चुकले,” म्हणून ती खाली बसली. सगळे हसले, तीही हसली. मी मात्र हसलो नाही. ‘मग चुकले’ हे दोन शब्द तोपर्यंत त्या जागेवरून मी कधी उच्चारले नव्हते.

माझ्या धंद्यात अंगरखा एकदम पक्का शिवत नाहीत. आधी लांब, सैल, पांढऱ्या धाग्याचा कच्चा टाका घालायचा. गिऱ्हाइकाने कपडा घालून पाहायचा, हात वर करायचा, वाकायचे, बसायचे. कुठे काचत असेल तर सांगायचे, आणि शिंप्याने निमूट टाका उसवायचा. संदेशही असाच द्यावा. ‘मला असे वाटते, तुम्ही पारखून पाहा’ हा कच्चा टाका. शास्त्राची सूचना तीच आहे: बोलणारे दोन-तीन, पारखणारे बाकी सगळे. आपण बोलणारे ठेवले आणि पारखणाऱ्यांना सुट्टी दिली. पक्की शिवण घालायची ती ऐकणाऱ्याने, त्याच्या वेळेने. आणि ‘प्रभू असे म्हणतो’ हे लेबल आपल्या हाताने कॉलरला लावण्याची कोणालाही परवानगी नाही. मी ते लावले आहे. कोणाच्या कपड्याला, ते पुढे.

कलम ५. एकेचाळीस वर्षांपूर्वी माझी बहीण चोवीस वर्षांची होती. आमच्या दुकानावरून जाणाऱ्या बसचा चालक तिला मागणी घालायला आला. माणूस चांगला होता. माझ्या भाषणात त्याने एकदा जांभई दिली होती, ते मला लागले होते. पण खरे कारण तेही नव्हते. ती गेली असती तर काजे कोणी केली असती? दुकान नुकते वर येत होते. इतके साधे, इतके हलके कारण होते. ते कारण सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी रविवारी उभा राहिलो आणि भरल्या मंडळीत म्हणालो, ‘प्रभू असे म्हणतो की हे लग्न होऊ नये.’

तो आवाज प्रभूचा नव्हता. माझा होता. मला तेव्हाही माहीत होते, आजही माहीत आहे. आयुष्यात दहा-बारा वेळा मला खात्रीने काही ऐकू आले आहे, त्यामुळे खरे ऐकू येणे कसे असते ते मला कळते. त्या दिवशी काहीही ऐकू आले नव्हते.

गेल्या गुरुवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी हे तिला सांगितले. ती एका कोटाचे काज करत होती. तिने सुई थांबवली नाही.

“मला तेव्हाच माहीत होतं, दादा.”

“कसं?”

“गिऱ्हाइकाला ‘बुधवारी नक्की’ म्हणतोस ना, तसाच आवाज लागला होता तुझा.”

“मग ऐकलंस कशाला? भांडायचंस माझ्याशी!”

आता तिने सुई खाली ठेवली. “तुझ्याशी भांडले असते रे. तू माझा भाऊ, तुला चार शब्द सुनावले असते, वरून पातेलं फेकलं असतं. पण तू बोललास आणि सगळे ‘आमेन’ म्हणाले. आत्या म्हणाली, शाळेतल्या बाई म्हणाल्या, माझ्याबरोबर शिकलेल्या मुली म्हणाल्या. एकानेही ‘मास्तर, नक्की का?’ म्हणून विचारलं नाही. तेवढ्या सगळ्यांशी मी एकटीने कसं भांडायचं?”

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “माझं मी बघते, मला घाई करू नकोस. त्याला सांगितलंस का?”

शुक्रवारी त्याच्या घरी गेलो. तो आता निवृत्त आहे. अंगणात बसून नातीच्या सायकलची साखळी बसवत होता.

“मास्तर? मला पँट शिवायची नाही.”

मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. साखळी त्याच्या हातातच राहिली.

“बायको चांगली मिळाली, मुलं चांगली निघाली,” तो म्हणाला. “त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तुम्ही नको म्हणाला असता ना, तर मी तुम्हाला चार शिव्या दिल्या असत्या आणि विसरलो असतो. तुम्ही म्हणालात, देव नको म्हणतो. देवालाच मी नको, असं धरून चाललो. एकेचाळीस वर्षं तुमच्या त्या चर्चच्या पायऱ्या चढलो नाही.”

हे सगळे मी मृत्युपत्रात लिहितो आहे आणि त्याला एक साक्षीदार कमी आहे, एवढेच मी त्याला सांगितले.

त्याने साखळी खाली ठेवली आणि विचारले, “सही कुठं करायची?”

भावांनो, बहिणींनो, एक माणूस माझ्या खोट्यामुळे देवापासून तुटला. हे लग्न मोडण्यापेक्षा मोठे आहे, आणि हे माझ्या नावावर आहे. ते मी कोणाला वारशाने देऊ इच्छित नाही, स्वतःबरोबर घेऊन जाईन आणि ज्याच्या नावाने बोललो त्याला तोंड देईन. तो दयाळू आहे यावर माझा पूर्ण भरवसा आहे. पण त्याची दया पुढे करून तुमच्यापुढचा हिशेब मी चुकवणार नाही.

माझ्या या चुकीवरून कोणी संदेशाचे दानच बंद करायला निघाला तर त्यालाही सांगून ठेवतो, त्या परिचारिकेला आधी भेट. खोटे बोलले गेले म्हणून कोणी बोलणे बंद करत नाही. दान खरे आहे. ते उघड्यावर, सगळ्यांच्या पारखीखाली ठेवा, म्हणजे ते खरेच राहील.

कलम ६. शेवटचे, आणि हे माझ्या हातात नाही. तुम्हाला गप्प बसवले गेले, ही तुमची तक्रार रास्त आहे. पण बहिणीचे बोलणे ऐकल्यापासून मला दिसते आहे की गप्प बसवायला माझा एकट्याचा आवाज पुरला नसता. माझे शब्द मी या लेखाने, साक्षीदारांसमोर, मागे घेतले. तुमचे मी मागे घेऊ शकत नाही. त्या रविवारी त्या बाकांवर जे होते, आणि आज हयात आहेत, त्यांना आपण कोण ते माहीत आहे. येत्या रविवारी हा लेख वाचून झाला की जागेवरून उठा. माझ्याकडे पाहू नका. माझी बहीण नेहमीप्रमाणे खिडकीजवळ बसलेली असेल. तिच्याकडे तोंड करा आणि एकेकाने, तिला ऐकू जाईल असे म्हणा: ‘मी माझे आमेन परत घेतो.’

ठिकाण: दुकान, कापड कापायचे टेबल
दिनांक: मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळी अकरा

लिहून देणार: (सही) शिंपी

मास्तरांनी वरील मजकूर आम्हाला वाचून दाखवला आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांचा हात स्थिर होता.

साक्षीदार १: (सही) इस्त्रीवाली
साक्षीदार २: (सही) बसचालक, निवृत्त